शिक्क्यानं मत फिरतं का? बंटी, मुन्ना, गद्दार आणि आपण

उत्तरेश्वरकर

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. 'माध्यमं पुढाऱ्यांवर शिक्के मारतात आणि बिचारी जनता त्याला भुलून मत देते' ही तक्रार शिकल्यासवरल्या मंडळींच्या फार आवडीची आहे. मला ती निम्मी खोटी वाटते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तरी आधी शिक्का आणि मागून मत असं घडताना मी पाहिलेलं नाही. मत आधी ठरतं, मग त्याला शोभेल असा शिक्का लोक शोधतात.

२०२२ च्या जुलैत आपल्या जिल्ह्यातले शिवसेनेचे दोन्ही खासदार, संजय मंडलिक आणि धैर्यशील माने, एकनाथ शिंदेंबरोबर गेले. दोघांवर एकच शिक्का बसला: गद्दार. पेपर तेच, चॅनेल तेच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेच. २०२४ ला मंडलिक शाहू छत्रपतींकडून दीड लाखाहून जास्त मतांनी पडले. माने हातकणंगल्यातून चौदा हजारांच्या आतल्या फरकानं का होईना, निवडून आले. शिक्का एवढा ताकदवान असेल तर वारणेकाठी तो कुठं गेला?

'छत्रपती' या नावाचंही तेच. २००९ ला राष्ट्रवादीनं सदाशिवराव मंडलिकांचं तिकीट कापून संभाजीराजेंना दिलं. मंडलिक पंचाहत्तरीला टेकलेले, 'म्हातारा बैल' ही टीका त्यांच्यावर झालेली. ते अपक्ष उभे राहिले आणि गादीचा उमेदवार पडला. २०१९ ला साताऱ्यात पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले. २०२४ ला 'मान गादीला, मत मोदीला' ही घोषणा महायुतीनं घरोघर नेली, तर इथं गादी निवडून आली आणि तिकडं साताऱ्यात उदयनराजे कमळावर निवडून आले. एकाच नावाचे चार निकाल. ज्याला यात नियम सापडेल त्यानं सांगावा.

आणि बंटी-मुन्ना? सतेज पाटलांना बंटी आणि धनंजय महाडिकांना मुन्ना ही नावं घरातली, गल्लीतली. पेपरवाल्यांनी फक्त उचलली. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटलांचं 'आमचं ठरलंय' गाजलं म्हणून मुन्ना पडले असं अजून सांगितलं जातं. काँग्रेसमधला त्यांचा अख्खा गट आघाडीचाच उमेदवार सोडून शिवसेनेच्या संजय मंडलिकांमागं गेला, वर मोदींची लाट, म्हणून पावणेतीन लाखांच्या आसपास फरक पडला. घोषणा नसती तरी पडलेच असते. २०२१ ला गोकुळ दूध संघात सत्तांतर झालं, २१ पैकी १७ जागा सतेज पाटील-हसन मुश्रीफ गटाला गेल्या. तिथं मतदार म्हणजे ठरावधारक, दूध संस्थांनी ठराव करून पाठवलेले प्रतिनिधी. ठरावधारकाला शिक्का दाखवून बघा, तो तुम्हाला दुधाचा दर विचारेल.

तेव्हा शिक्क्यानं मत फिरल्याचं एक तरी उदाहरण द्या. पप्पू आणि चायवाला नको, ते सगळ्यांनी चघळून चोथा केलंय. आपल्या भागातलं द्या.

तांबडा पांढरा

उत्तरेश्वरकर, तुम्ही शिक्क्याची परीक्षा फक्त मतपेटीत घेताय. शिक्क्याचं खरं काम पाच वर्षं चालतं आणि मतदान एक दिवस.

कराडचे पृथ्वीराज चव्हाण घ्या, लांबचे नाहीत. २०१० ते २०१४ मुख्यमंत्री. फाइल आली की वाचून, थांबवून, शेरा मारून परत पाठवायची सवय. याच सवयीला एका बाजूनं 'स्वच्छ' म्हणून गौरवलं. २०१३ मध्ये शरद पवारांनी सही करताना हाताला लकवा भरतो का, अशा अर्थाचा टोला मारला आणि त्याच सवयीचं नाव 'लकवा' झालं. कृती एक, नावं दोन, आणि दोन्ही नावांवर राज्यभर काथ्याकूट. आता मला सांगा, त्या थांबलेल्या फायली कसल्या होत्या? बांधकामाच्या किती, पाटबंधाऱ्याच्या किती? कुणाला आठवत नाही, कारण कुणी विचारलंच नाही. स्वच्छ की लकवा, एवढंच विचारलं गेलं.

दुसरं, फडणवीस आणि अजित पवारांचा 'पहाटेचा शपथविधी'. २३ नोव्हेंबर २०१९. शपथ झाली सकाळी आठच्या सुमाराला. त्या वेळेला गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन लोक कामाला लागलेले असतात, त्याला पहाट कुणी म्हणत नाही. पहाटे जे झालं ते वेगळंच: राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना, ५ वाजून ४७ मिनिटांनी. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, केंद्राच्या कामकाज नियमावलीतला नियम १२ वापरून पंतप्रधानांनी ती शिफारस केली. राज्यघटनेच्या दृष्टीनं चर्चा करायची तर त्या नियमाची. पण 'पहाटेचा शपथविधी' म्हटलं की हशा पिकतो आणि नियम १२ बाजूला पडतो. आजही दहा जणांना विचारा, पहाट सगळ्यांना ठाऊक असेल.

तुम्ही मागितलेलं उदाहरण मी देणार नाही, कारण माझा दावाच तो नाही. शिक्का मत फिरवत असेल-नसेल. पण कोणता प्रश्न विचारायचा नाही हे तो ठरवतो.

कागलकर

मत द्यायच्या आधी आमच्या गावावरचा शिक्का काडा की कुणीतरी. 'राजकारणाचं विद्यापीठ' म्हणून म्हणून पार वैताग आणलाय. इलेक्शन आलं की टीव्हीची गाडी गैबी चौकात हुभी. माईक पुडं करून इचारत्यात, "काका, कागलचं वातावरण काय म्हणतंय?" आता काकानं काय सांगायचं? हितं मानूस पेन्शनचं कागद घिऊन तहसीलला निघालेला आस्तोय.

आनि एक. २०२३ च्या जानेवारीत मुश्रीफसाहेबांच्या घरावर ईडी आली, जुलैत साहेब मंत्री झाले. दोन्ही टायमाला तेच चॅनेल हुतं, तोच पोरगा बोलत हुता. आदी आवाज वेगळा, मागनं वेगळा. २०२४ ला साहेब पुन्ना निवडून आले. त्यामुळं उत्तरेश्वरकराचं बराबर हाय म्हनायला जागा हाय, पन मला त्या पोराच्या आवाजाचं कोडं सुटंना.

उत्तरेश्वरकर

तांबडा पांढरा, नियम १२ चा मुद्दा चांगला काढलात. पण ज्यांनी पेपर नीट वाचला त्यांना तो तेव्हाही ठाऊक होता, पहिल्या पानावर आलेला होता. वाचणारा वाचतो. न वाचणाऱ्याला 'पहाट' मिळाली नसती तर दुसरं काहीतरी मिळालं असतं.

माझ्या बाजूनं आणखी एक घ्या. चंद्रकांतदादा पाटील आपल्या भुदरगडचे. २०१९ ला कोथरूडला उभे राहिले तर तिथं 'दूरचा नको, घरचा पाहिजे' असे फलक लागले. परका हा शिक्का, त्यावर नावाचं लघुरूप करून केलेली थट्टा, चॅनेलवर महिनाभर तेच. निवडून आले की नाही? आले. पुढं कोल्हापुरातून उभा राहून हरलो तर हिमालयात जाईन असं ते बोलून गेले, २०२२ ला कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक भाजप हरला, आणि हिमालयावरून त्यांची अशी काही फिरकी घेतली लोकांनी की विचारू नका. त्यानं त्यांच्या राजकारणाचं काय बिघडलं? काही नाही, नंतर पुन्हा मंत्री झाले. थट्टा ही लोकांची करमणूक आहे, तुम्ही तिला कारण समजताय.

डिजिटल फ्लेक्स, दुकान नं. काही का असेना

दोघंही मोठमोठ्या लोकांचं बोलताय. शिक्के कुठं तयार होतात ते बघायचं तर माझ्या दुकानात या.

कार्यकर्ता येतो. "साहेबांचा वाढदिवस हाय, दहा बाय वीस." मी विचारतो, बिरुद कुठलं? तो म्हणतो, "ते तुमीच टाका की काय भारी असंल ते." माझ्या कॉम्प्युटरमध्ये फाइल तयार असते. कार्यसम्राट, विकासरत्न, युवा हृदयसम्राट, संघर्षयोद्धा, अनाथांचा नाथ. नाव आणि फोटो बदलायचा, बाकी सगळं तसंच. एकाच दिवशी एकाच वॉर्डात दोन विरोधकांना मी एकच फाइल दिलेली आहे, फक्त मागचा रंग भगव्याचा निळा केला. दोघंही खूश. नोव्हेंबर २०२० ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासक. शहरात एकही नगरसेवक नव्हता, तरी 'कार्यसम्राट नगरसेवक' माझ्याकडून छापून जातच होते. कसलं कार्य आणि कसलं काय.

पण बिरुदाकडं बघून कुणी फ्लेक्स वाचत नाही, हे तुम्हा पेपरवाल्या मंडळींना माहीत नसेल. वाचतात ती वरची पट्टी. वर गोल गोल फोटो असतात ना, नेत्यांचे, ते. कुणाचा फोटो पहिला, कुणाचा शेवटी, कुणाचा उडाला. जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली त्या आठवड्यात माझ्याकडं तयार होऊन पडलेले फ्लेक्स लोकांनी नेलेच नाहीत. "थांबा, पट्टीचं ठरलं नाही." एकानं तर वरची पट्टी मोकळी ठेवून छापायला सांगितलं, नंतर वरून चिकटवतो म्हणाला. अख्ख्या चौकाला त्या मोकळ्या पट्टीवरनं कळलं की गडी अजून कुंपणावर बसलाय. कुठल्या पेपरात ती बातमी नव्हती.

तर सामान्य माणूस शिक्क्याला भुलतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. 'कार्यसम्राट' त्याला दिसतच नाही, तो पट्टी बघतो.

शाहूपुरीची मास्तरीण

फ्लेक्सवाले भाऊ, तुमच्या प्रतिसादावर निबंध लिहायला द्यावा मुलांना.

पण उत्तरेश्वरकर, शिक्क्यानं काही होत नाही हे तुम्ही कोल्हापुरात बसून म्हणताय याचं नवल वाटतं. ज्या शाहू महाराजांच्या नावानं हे शहर ओळखलं जातं, त्यांनी छापील शिक्क्यांशी आयुष्यभर झुंज दिली. वेदोक्ताचा वाद, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही हा वाद, पेटला तेव्हा महाराज पंचविशीतले. १९०१ मध्ये 'केसरी'नं वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लेख लिहिले. पुण्यामुंबईच्या बऱ्याचशा पेपरांत महाराजांची जी प्रतिमा रंगवली गेली ती ब्राह्मणद्वेष्टा राजा अशी. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, त्याकडंही पुष्कळांनी त्याच चष्म्यातून पाहिलं. राज्यकारभाराचा निर्णय बाजूला आणि राजाच्या मनातला राग किती, याची चर्चा. तांबडा पांढरा जे म्हणतात ते हेच.

महाराजांनी काय केलं? 'लोक सुज्ञ आहेत, मत आधीच ठरलेलं असतं' असं म्हणून गप्प बसले नाहीत. बाबासाहेबांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं, त्याला महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. त्या काळचे अडीच हजार. दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, माणगावच्या परिषदेत स्वतः उभं राहून बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून स्वीकारा असं लोकांना सांगितलं. माणसाला नाव कोण देतं, याला महाराज किती महत्त्व देत होते ते यात दिसतं.

आणि आपण ज्या पदवीशिवाय त्यांचं नाव घेत नाही ती 'राजर्षी' पदवीही कोल्हापुरानं दिलेली नाही. १९१९ च्या एप्रिलमध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्या अधिवेशनात दिली गेली. इथले पेपर आणि पुढारी ती कधी आणि किती सहज वापरू लागले, यावर कुणीतरी अभ्यास करायला हरकत नाही.

उत्तरेश्वरकर

बाई, शाहू महाराजांना निवडून यायचं नव्हतं. माझा प्रश्न मतांचा आहे.

शाहूपुरीची मास्तरीण

निवडून यायचं नसतानाही ज्याला शिक्क्याची फिकीर करावी लागली, तर निवडून यायचं असणाऱ्याला किती करावी लागेल, हाच माझा मुद्दा आहे दादा.

माजी बातमीदार

मी बरीच वर्षं तालुक्याला बातमीदारी केली. पेपरचं नाव सांगणार नाही, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच चालतं.

तालुक्याच्या बातमीदाराला मानधन किरकोळ. जगायचं जाहिरातीच्या कमिशनवर. आमदाराचा वाढदिवस आला की चार पानी पुरवणी निघते. ती पुरवणी भरायला मीच साखर कारखाना, पतसंस्था, सरपंच, गुत्तेदार यांच्या दारात जाऊन जाहिराती आणायच्या, आणि त्याच पुरवणीतला मुख्य लेखही मीच लिहायचा. मथळा ठरलेला: 'जनसामान्यांचा आधारवड'. दुसऱ्या दिवशी त्याच आमदाराच्या गावातला रस्ता खचला तर बातमी कोण देणार? मीच. दिली तर पुढच्या वर्षी पुरवणी दुसऱ्या पेपराकडं. मग रस्ता खचल्याची बातमी 'ग्रामस्थांची मागणी' म्हणून जायची, आमदाराचं नाव न घेता. शिक्का कसा मारतात असं विचारताय ना? नाव जोडून मारतात तसा नाव गाळूनही मारतात.

मोठ्या पातळीवर २००९ चं 'अशोकपर्व' आठवा. विधानसभेच्या तोंडावर तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दाला शब्द सारखा छापून आला. पी. साईनाथ यांनी ती पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. चव्हाणांनी पैसे दिल्याचं नाकारलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर अहवाल केला. निवडणूक आयोगानं २०१४ ला चव्हाणांना काढलेला आदेश पुढं दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. म्हणजे कायद्यानं हातात काहीच लागलं नाही. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या पोरांना एवढं कळलं की आपण वाढदिवसाला जे करतो तेच वर मोठ्या कागदावर होतं.

उत्तरेश्वरकर, शिक्क्यानं मत फिरत नसतं तर एवढे पैसे खर्च करणारे काय वेडे आहेत?

उत्तरेश्वरकर

वेडे नाहीत, भित्रे आहेत. समोरचा करतो म्हणून करतात. राजू शेट्टींनी 'एक नोट, एक व्होट' म्हणत लोकांकडूनच वर्गणी घेऊन निवडणूक लढवली आणि २००९, २०१४ दोन्हीदा खासदार झाले. पुरवण्या विरोधकांच्या होत्या. त्यांच्याकडं ऊस परिषद होती, जयसिंगपूरचं मैदान होतं आणि उसाच्या पहिल्या उचलीचा, म्हणजे पहिल्या हप्त्याचा, आकडा होता. शेतकऱ्याला आकडा कळतो.

आंबेवाडी

शेट्टीसाहेबांचं काढलंत तर पुढचंही सांगा. २०१९ ला पडले, २०२४ ला तिसऱ्या नंबरला गेले. त्या दोन्ही वेळेला पारावर आकडा कमी आणि 'आता तिकडं गेले, मग इकडं आले' हेच जास्त ऐकलं. एकदा भाजपबरोबर, एकदा आघाडीबरोबर, एकदा एकटे. 'भूमिका बदलणारा' हा शिक्का ऊसदराच्या आकड्यावर भारी पडला. तुम्ही मागितलेलं आपल्या भागातलं उदाहरण हेच घ्या की.

आणि पुराचं कुणी बोललं नाही अजून. आमचं गाव २०१९ ला पाण्याखाली होतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेली. त्या पुरातलं लोकांना आज काय आठवतं? तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन यांचा बोटीतला हसतानाचा व्हिडिओ. आणि इचलकरंजीकडं वाटलेल्या धान्याच्या पाकिटावरचा मुख्यमंत्र्यांचा नि आमदारांचा फोटो. दोन्हींचा राग आला, मलाही आला. पाकिटावर फोटो चिकटवायला वेळ मिळतो म्हणजे काय!

पण पुरानंतर वडनेरे समिती नेमली होती. तिचा अहवाल आला. नदीपात्रातल्या अतिक्रमणांचं त्यात आहे. निळी पूररेषा, लाल पूररेषा, कुठं बांधकाम द्यायचं नाही. त्या अहवालाचं काय झालं हे विचारायला आमच्या गावात एकही कॅमेरा आला नाही. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा कॅमेरे आले, आणि पहिला प्रश्न होता, "या वेळी मंत्री बोटीतून आले का?"

तांबडा पांढरा

आंबेवाडी, हे मला सुचायला हवं होतं. उत्तरेश्वरकर, आता बोला. व्हिडिओनं मत फिरलं की नाही ते सोडा. त्या वर्षी विधानसभेला जिल्ह्यात भाजपची एकही जागा आली नाही, त्याला पूर कारण की गटबाजी, यावर तुम्ही-मी वर्षभर भांडू. पण महाजन 'असंवेदनशील' ठरले आणि विषय संपला. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, हे विचारलं असतं तर सगळ्या पक्षांची नावं निघाली असती. एका माणसावर शिक्का बसणं हे बाकीच्या सगळ्यांच्या सोयीचं असतं.

सानेगुरुजी वसाहत

बायकांवरच्या शिक्क्यांचं एकालाही सुचलं नाही, ते माझ्या वाटणीला ठेवलंत वाटतं.

निवेदिता माने इचलकरंजीतून दोनदा खासदार, १९९९ आणि २००४. पाच वेळा खासदार झालेल्या बाळासाहेब मान्यांच्या सूनबाई म्हणून त्यांची ओळख करून दिली जायची, ती दोनदा निवडून आल्यावरही. नंतर धैर्यशील मान्यांच्या मातोश्री. मधल्या दहा वर्षांत त्या स्वतः कोण होत्या हे कुणी लिहिलं? २०२२ ला आमदार नवरा गेल्यावर जयश्री जाधव कोल्हापूर उत्तरला उभ्या राहिल्या तर एकच शब्द: सहानुभूती. बाई आधी नगरसेविका होत्या, महापालिकेचं काम त्यांना माहीत होतं, पण बातमीत मात्र 'अण्णांच्या माघारी' एवढंच. पुरुषाचा बाप गेला आणि तो उभा राहिला तर त्याला 'वारसदार' म्हणतात आणि तो शिक्का वजनाचा असतो. बाईचा नवरा गेला की सहानुभूती. दोघांची मतं मात्र सारखीच मोजतात, हे आपलं नशीब.

उत्तरेश्वरकर म्हणतील, निवडून आल्या ना? आल्या, अठरा हजारांहून जास्त मतांनी आल्या. पण निवडून आलेल्या बाईला पत्रकार पहिला प्रश्न पाण्याचा नाही विचारत, घर कसं सांभाळता विचारतात.

पेन्शनर, ताराबाई पार्क

बॅरिस्टर अंतुले. जून १९८० ते जानेवारी १९८२ मुख्यमंत्री. सिमेंट घोटाळा म्हटलं की अंतुले, अंतुले म्हटलं की सिमेंट. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राजीनामा द्यावा लागला, तो शिक्का मरेपर्यंत गेला नाही, आणि जाऊ नये असं मानणारेही आहेत. पण संजय गांधी निराधार योजना १९८० ची, त्यांच्याच कारकिर्दीतली. आज आजरा-चंदगडकडच्या म्हाताऱ्या बँकेच्या दारात 'निराधारचा पगार' घ्यायला रांग लावतात. त्यातल्या एकीलाही ती कुणाच्या काळातली ठाऊक नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. एक डोक्यात राहिली, दुसरी फक्त पासबुकात. एवढंच सांगायचं होतं.

उत्तरेश्वरकर

काका, हे माझ्याच बाजूचं आहे. म्हातारीला पगार मिळतो, नाव कुणाचं का असेना. काम आपल्या जागी राहतं.

आणि तांबडा पांढरा, तुमचा 'प्रश्न विचारला जात नाही' हा मुद्दा मी कोल्हापूरच्या पाण्याच्या थेट पाइपलाइनवर लावून पाहिला. काळम्मावाडी धरणापासून ५३ किलोमीटर. मंजुरी २०१३ ची, पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत. सतेज पाटलांनी त्या पाण्यानं दिवाळीची आंघोळ केली, फोटो सगळीकडं झळकला. तुमच्या हिशेबानं त्या फोटोनं प्रश्न गिळायला हवे होते. गिळले का? पुढं पंप बंद पडले, गळती लागली, टँकर आले तेव्हा त्याच आंघोळीच्या फोटोवरून लोकांनी त्यांना धारेवर धरलं. फोटोनंच जबाबदार माणूस कोण ते दाखवून दिलं. शिक्का दुधारी असतो, हे तरी मान्य करा.

तांबडा पांढरा

धारेवर कुणाला धरलं? आंघोळ करणाऱ्याला. दहा वर्षं काम का लांबलं, ठेकेदाराला मुदतवाढ कुणी दिली, दंड किती लावला नि किती वसूल केला, वनखात्याची परवानगी कधी आली, मध्ये दोन-तीन सरकारं बदलली त्यात कुणी काय केलं? हे सगळं महापालिकेच्या सभेच्या इतिवृत्तात पडलेलं असणार. आंघोळीचं समर्थन आणि आंघोळीची टिंगल, दोन्हींत पाणी त्याच बादलीतलं.

कागलकर

आंगुळ हा इषय लई लांबला आता.

माजी बातमीदार

उत्तरेश्वरकर आणि तांबडा पांढरा, दोघांनाही आतली एक गोष्ट सांगतो. टोपणनावं मथळ्यात का येतात? खपतात म्हणून हे निम्मं कारण. दुसरं निम्मं म्हणजे आपल्या जिल्ह्यातली आडनावं. 'पाटील यांची टीका' असा मथळा दिला तर कुठले पाटील? सतेज, चंद्रकांत, सत्यजित की आणखी कोण? 'महाडिक' दिलं तर अप्पा, मुन्ना की अमल? पूर्ण नाव दोन कॉलमच्या मथळ्यात बसत नाही. मग रात्री अकराला, पान सोडायची घाई असताना, डेस्कवरचा पोरगा 'बंटी-मुन्ना आमनेसामने' असं टाकून मोकळा होतो. एकदा ते टाकलं की पुढचे शब्दही आपोआप तालमीतलेच येतात: डाव, प्रतिडाव, चितपट, धोबीपछाड. मग बातमी ऊसदराची असो की विमानतळाच्या धावपट्टीची, कुस्तीचीच होते. यात कुणाचा कट नसतो, दोन कॉलमची रुंदी असते.

सानेगुरुजी वसाहत

मग नावाऐवजी काम टाका की मथळ्यात. 'पाइपलाइनचा पंप पुन्हा बंद, दंड माफ'. मोजून बघा, दोन कॉलमात बसतंय.

माजी बातमीदार

बसतंय ताई. पण 'दंड माफ' लिहायला इतिवृत्ताची प्रत लागते, आणि ती मिळेपर्यंत पान गेलेलं असतं.

तांबडा पांढरा

प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तरेश्वरकर, सोबत येताय का? शिक्क्याचं नंतर बघू.

उत्तरेश्वरकर

येतो. पण दंड वसूल झालेला निघाला तर इथं येऊन लिहायचं, तेही मथळ्यासकट.